स्वयंपाकघरातला जानेवारी

शुक्रवार, २ सप्टेंबर २०२२

आमच्या मंडळाच्या वाट्याला हॉलंड आलं. कुशलच्या हाताला यश नाही हे मी पहिल्यापासून म्हणतेय.

फुटबॉल वर्ल्ड कपच्या आधी दोह्यातल्या सगळ्या भारतीय मंडळांनी मिळून एक मोठा कार्यक्रम ठरवलाय. प्रत्येक मंडळानं खेळायला येणाऱ्या एका देशावर काहीतरी कलाकृती करून मांडायची, सगळ्यांत चांगलीला बक्षीस, आणि देश चिठ्ठ्या टाकून वाटायचे. केरळवाल्यांना अर्जेंटिना मिळालं, त्यांनी तिथंच नाचायला सुरुवात केली. तमिळ मंडळाला ब्राझील. आमचे सेक्रेटरी कुशल यांनी चिठ्ठी उघडून हॉलंड म्हटलं तेव्हा आमच्या रांगेतून एक सुस्कारा तेवढा निघाला.

मी उठून म्हटलं, मी रांगोळी काढते. मोठी. एका चित्राची.

बारा वर्षं हे मंडळ माझ्याकडून समईखालची रांगोळी काढून घेतंय. ताटाएवढं काम, आणि प्रमुख पाहुणे दीप लावायला आले की पहिला बूट त्यावरच. लग्नाआधी नाशिकला दिवाळीच्या प्रदर्शनात मी माणसापेक्षा मोठ्या चेहऱ्यांच्या रांगोळ्या काढल्यात, लोक दोरीपलीकडे थांबून बघायचे. हे इथं कुणाला सांगितलं की "हो का, छान" म्हणतात आणि वड्याची प्लेट पुढं करतात. एकदा तरी लोक थांबलेले मला इथं बघायचेत. त्यासाठी आणखी किती वर्षं वाट बघायची?

कुशल म्हणाले, "वहिनी, ट्यूलिप आणि पवनचक्की काढा. सेफ आहे." मी म्हटलं, बर्फ काढणार.

ते चित्र आमच्या स्वयंपाकघरात आहे. आम्ही इथं आलो त्या वर्षी माझ्या नवऱ्याच्या, देवव्रतच्या कंपनीतल्या एका डच साहेबानं कॅलेंडर दिलं होतं. जानेवारीचं पान मला इतकं आवडलं की मी ते उलटलंच नाही. बाहेर पन्नास डिग्री असू दे, आमच्याकडे जानेवारीच. गोठलेली नदी, तिच्यावर घसरणारी माणसं, निष्पर्ण झाडं, लांब एक चर्च आणि वर करडं-निळं आभाळ. खाली बारीक अक्षरात लिहिलंय: हिवाळ्यातला देखावा, चित्रकार अज्ञात, सतरावं शतक. मी पोळ्या लाटत असते तेव्हा पश्चिमेचं ऊन थेट त्या बर्फावर पडतं, तरी तो वितळत नाही, याचं मला भारी कौतुक आहे.

कुशलनं अट घातली. ट्यूलिपचा एक फ्लेक्स ते छापून ठेवणार. कार्यक्रमाच्या दिवशी सहाला दारं उघडतील. तोवर रांगोळी जमली नाही तर तिच्यावर फ्लेक्स अंथरायचा. म्हणजे माझ्या बर्फावर ट्यूलिपची सतरंजी. बघतेच.

मंगळवार, २७ सप्टेंबर

आई आल्या. म्हणजे माझ्या सासूबाई, पुष्पावती. नोव्हेंबरपासून वर्ल्ड कपसाठी व्हिजिट व्हिसा बंद म्हणतात, त्याआधी महिनाभर राहून जातील. बाबांना जाऊन वर्ष होईल आता डिसेंबरात, नाशिकच्या घरात त्या एकट्याच असतात.

रांगोळी तिकडूनच आणायला सांगितली होती. इथली भरड असते, चिमटीतून सरळ पडत नाही. आईंच्या बॅगेत दोन-चार साड्या आणि बाकी सगळी पांढरी पूड. अर्थातच विमानतळावर थांबवलं. आम्ही बाहेर ताटकळतोय आणि आत आईंना ना इंग्रजी येतं ना अरबी. त्यांनी म्हणे पिशवी सोडली, चिमूटभर घेतली आणि साहेबाच्या काळ्या टेबलावर आठ पाकळ्यांचं कमळ काढून दाखवलं. त्यानं दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. मग "यल्ला, मामा", म्हणजे चला, आई, असं म्हणून सोडून दिलं. आई कमळ पुसायला लागल्या तर राहू दे म्हणाला.

बरं झालं म्हटलं, मदतीला एक हात आला. तर घरी आल्यावर म्हणतात, "मी नाही बाई आता रांगोळीबिंगोळी काढत. तिथं नाइलाज होता."

गुरुवार, २९ सप्टेंबर

हॉलमधलं सामान भिंतीला लावून सराव सुरू केला. पांढऱ्या रांगोळीत कोळशाची पूड आणि नीळ कमीजास्त मिसळून राखाडीच्या छटा केल्या. चहाच्या गाळणीनं आभाळ पाडलं. बर्फ चिमटीनं. एक झाड आणि थोडी नदी झाली आणि मी स्वतःवर खूश होऊन कंबर सरळ केली.

आई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "नुसती पांढरी ठेवू नये. हळदकुंकू वाहा वर." मी समजावलं की हे चित्र आहे, यात लाल-पिवळं काही नाही, एक टिंब पडलं तरी बर्फाचा सत्यानाश होईल. त्यांनी आत जाऊन करंडा आणला, माझ्यासमोर ठेवला आणि निघून गेल्या. हुकूम सोडायचा आणि मोकळं व्हायचं. मी करंडा उचलून देवघरात परत ठेवला.

सोमवार, ३ ऑक्टोबर

नवरात्राचं हळदकुंकू आमच्याकडे होतं. आमच्या अल सद्द भागातल्या सगळ्या बायका आल्या, अमिनाही आली. ती रत्नागिरीची, खालच्या मजल्यावर राहते, तिला माझी कोथिंबीरवडी फार आवडते. आईंची ओळख करून द्यावी म्हणून बोलवायला गेले तर त्या खोलीत झोपून. डोकं दुखतंय म्हणाल्या. मागच्या आठवड्यात शेजारच्या बाईंकडे बोलावणं होतं तेव्हाही दुखत होतं. इथली हवा मानवत नसावी. बाम दिला.

बायका गेल्यावर त्या उठून स्वयंपाकघरात आल्या आणि मी भांडी घासत असताना कॅलेंडरसमोर उभ्या राहिल्या. बराच वेळ. मग अलीकडच्या काठावरच्या एका माणसावर बोट ठेवलं. नदीकडे बघत तो एकटाच उभा आहे. बाकी झाडून सगळ्यांच्या डोक्यावर टोपी, रुमाल, काही ना काही आहे, याचं डोकं मात्र उघडं. फिकट राखाडी. मलाही ते कधीपासून खटकतंय. एवढ्या थंडीत हा असा का?

आई म्हणाल्या, "याच्या घरातलं कुणीतरी गेलंय. सगळे खेळतायत आणि हा बोडका उभा आहे."

मला पटलं. चित्रकारानं काहीतरी मनात धरून काढला असणार. त्याला बरोब्बर काढायचा.

रविवार, ९ ऑक्टोबर

मोजमाप घ्यायला कॅलेंडर पहिल्यांदाच खाली उतरवलं. मागं भिंतीवर छान लोण्यासारख्या पिवळ्या रंगाचा चौकोन निघाला. बाकी भिंत पार विटून गेली आहे. घरमालकानं स्वस्तातला रंग मारलाय, देवव्रतला म्हटलं एकदा बोल त्याच्याशी.

चित्रावर पेन्सिलीनं चौकटी आखल्या. नुपूर कॉलेजच्या फॉर्म्समधून डोकं वर काढून म्हणाली, "मम्मा, वॉज इट ऑल्वेज सो ब्लू?" म्हटलं, थंडी निळीच असते. ही मुलगी दोह्यात वाढली, हिला थंडी काय ठाऊक? मग आठवलं की बर्फ मी तरी कुठं पाहिलाय.

शुक्रवार, १४ ऑक्टोबर

कुशल घरी येऊन फ्लेक्स दाखवून गेले. ट्यूलिप इतके लाल की डोळ्यांत पाणी येतं. माझा सराव पाहून म्हणाले, "काम बारीक आहे, वहिनी. पण लांबून काही दिसेल का? लोक सेल्फीला येणार."

मी विचारलं, पाटीवर माझं नाव येईल ना? म्हणाले, पाटीवर मंडळाचं नाव असतं, पद्धत आहे तशी. मी हसून घेतलं. मनात म्हटलं, चित्रकार अज्ञात.

मंगळवार, २५ ऑक्टोबर

दिवाळीत फराळ विकतचा आणला. कुणाला सांगणार नाही, पण इथं लिहायला हरकत नाही.

मला भीती वाटतेय. चौकट न् चौकट बरोबर येते, तरी पूर्ण झालेला भाग लांबून बघितला की त्यात जीव नसतो. तो अज्ञात माणूस एवढ्याच रंगांत कसं करत होता? त्याच्या बर्फाकडे बारा वर्षं बघूनही मी कंटाळले नाही, आणि माझ्या बर्फाचा मला अर्ध्या तासात कंटाळा येतो. देवव्रत म्हणाला, तू थकलीयेस. थकलेय हे खरंच, पण एवढंच नाही. कुशल म्हणतात तेच खरं असेल तर?

आई आजही करंडा पुढं ठेवून गेल्या. आज मी त्यांच्यावर ओरडले. त्या नुसत्या म्हणाल्या, "बरं." नंतर मी माझं ताट तसंच झाकून ठेवलं.

शुक्रवार, २८ ऑक्टोबर

सकाळ. कार्यक्रम आज. रांगोळीचे डबे, गाळण्या, कॅलेंडर, फळी गाडीत ठेवली. आई करंडा पदराखाली घेऊन गाडीत बसल्यात. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

शनिवार, २९ ऑक्टोबर

सगळं लिहायचंय, क्रमानं लिहिते, नाहीतर शेवट आधी येईल.

कार्यक्रमाच्या हॉलमधल्या थंड वाऱ्यानं चिमटीतून पडणारी रांगोळी उडते, म्हणून काम होईपर्यंत एसी बंद ठेवायचा ठरलं होतं. देवव्रत दिवसभर बटणापाशी पहाऱ्याला. कुणीही आलं की आधी त्याच्याकडे रागानं बघायचं, मग घाम पुसायचा. इतक्या घामात बर्फ काढणारी मी जगात पहिलीच असेन. दोन चौरंगांवर फळी टाकून तिच्यावर पालथी पडून मी वरून खाली सरकत होते. दुपारी माझ्या कपाळावरचा घाम टपकन गोठलेल्या नदीवर पडला आणि खड्डा झाला. पुसला तर डागच वाढणार. मग त्याचंच बर्फातलं भोक केलं आणि शेजारी गळ टाकून बसलेला एक म्हातारा बसवला. त्या अज्ञात चित्रकाराला माफ कर म्हटलं.

पाचच्या सुमाराला चित्र पूर्ण झालं. बोडका माणूस सगळ्यात खाली, अलीकडच्या काठावर, म्हणून शेवटी आला. मी स्टेजवर चढून पाहिलं.

सगळं जागच्या जागी होतं आणि चित्र मेलेलं होतं. नदी, माणसं, चर्च, आभाळ, सगळं एका राखेत पडल्यासारखं. शेजारी केरळवाल्यांचं निळं-पांढरं अर्जेंटिना लखलखत होतं.  बारा वर्षं मनात बाळगलेली गोष्ट समोर होती आणि ती मलाच आवडत नव्हती.

कुशल खाली उभे होते. त्यांनी माझा चेहरा वाचला असावा, कारण पहिल्यांदाच ते हळू आवाजात बोलले. "वाईट वाटून घेऊ नका, वहिनी. मी गाडीतून फ्लेक्स घेऊन येतो."

मी नाही म्हटलं नाही. खाली उतरले आणि उगीच काठाच्या दगडांत गडद रंग भरत बसले. एका मुठीत पांढरी, दुसऱ्या मुठीत काळी. फ्लेक्स येईपर्यंत हात चालू ठेवायचे, एवढंच.

आई आल्या. करंडा उघडून समोर धरला. "पूर्णिमा, आता तरी वाहा."

"माझे हात भरलेत," मी म्हटलं. "तुम्हीच वाहा."

करंडा जागचा हलेना. मला वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून वर पाहिलं.

"मी?" त्या म्हणाल्या.

त्यांचा अंगठा करंड्यावर नुसता अधांतरी होता. कपाळ मोकळं. आणि मला एकदम सगळं दिसलं. करंडा माझ्यापुढे ठेवून निघून जाणं. बायका आल्या की दुखणारं डोकं. मी बाम देत होते. बाबांच्या आधी या बाईनं उभ्या गल्लीला हळदकुंकू लावलंय, संक्रांतीला त्यांच्याकडे रांग लागायची, आणि वर्षभरात त्यांनी त्या करंड्यात बोट बुडवलं नव्हतं. दुसऱ्यांच्या हातून तरी वाहिलं जावं म्हणून माझ्यामागे लागल्या होत्या. मला भारी लाज वाटली.

असू द्या, मी वाहते, असं म्हणून हात झटकता आले असते. मी हात झटकले नाहीत. म्हटलं, "हो. तुम्हीच. तुम्हाला हवं तिथं."

त्या काठाशी हळूच खाली बसल्या. मला वाटलं कोपऱ्यात बोट टेकवतील. त्यांनी कुंकवाची चिमूट घेतली, सरळ त्या उघड्या डोक्याच्या माणसावर हात नेला आणि चिमूट सोडली.  ती चिमूट जिथं पडायची तिथंच पडली. डोक्यावर बसती, जराशी तिरकी, लालभडक टोपी. मग हळद घेऊन तिच्या कडेनं एक बारीक रेघ.

"किती दिवस बोडका उभा ठेवायचा याला," त्या म्हणाल्या.

मी धावत स्टेजवर गेले. खोटं नाही लिहीत, चित्र जागं झालं होतं. त्या एका लाल ठिपक्यानं बर्फ बर्फासारखा पांढरा झाला, लांबची माणसं लांब गेली, नदी आडवी पसरली आणि वरचं आभाळ उंच झालं. मला अंगभर गारवा जाणवला, एसी बंद असताना. कुशल खांद्यावर फ्लेक्सची गुंडाळी घेऊन दारातून आत आले आणि तिथंच थांबले. लांबून, दारातूनच त्यांना दिसलं. त्यांनी गुंडाळी भिंतीला उभी करून ठेवली आणि माझ्याकडे बघून हात जोडले.

सहाला दारं उघडली. पहिल्या काही मिनिटांत सगळे अर्जेंटिनाकडे गेले. मग एक जण आमच्याकडे थांबला, मग दुसरा, मग घोळका. केरळवालेही आले. लोक आवाज खाली करून बोलत होते, थंडीत बोलतात तसे. रांग दारातून पार्किंगपर्यंत गेली आणि देवव्रत प्रत्येकाला सांगत होता, माझ्या बायकोनं काढलंय, माझ्या आईनं काढलंय. आठ वाजता रंगमंचावरून पहिलं बक्षीस आमच्या मंडळाला जाहीर झालं, ते घ्यायला कुशल गेले, आणि पहिल्यापासून आपला या कल्पनेवर विश्वास होता असं माईकवर सांगून आले. सांगू दे.

आन्नेके नावाच्या एक डच बाई होत्या, इथल्या एका शाळेत शिकवतात. देशाचं नाव वाचून आल्या आणि हलेचनात. त्यांनी विचारलं, हे चित्र तुम्ही कुठं पाहिलं? त्यांच्या माहेरच्या गावाजवळच्या एका लहान म्युझियममध्ये ते आहे, शाळेची सहल तिथंच जायची. मी कॅलेंडरचं पान दाखवलं. त्या हसल्या आणि मोबाइलवर मूळ चित्र काढून माझ्या हातात दिलं.

आभाळ गुलाबी होतं. चर्चच्या विटा तांबूस होत्या. आणि काठावरच्या माणसाच्या डोक्यावर पिवळसर कडेची लाल टोपी होती.

उन्हानं आधी लाल आणि पिवळं खाल्लं, त्या म्हणाल्या, निळं तेवढं मागं राहिलं. स्वयंपाकघरातलं पश्चिमेचं ऊन. लोण्याच्या रंगाचा चौकोन. बिचारा घरमालक. बारा वर्षं मी विटलेल्या चित्राला हिवाळा समजत होते. मी इतकी हसले की आन्नेकेही हसायला लागल्या. म्हणाल्या, तुमची थंडी आमच्यापेक्षा जास्त आहे, मला हीच आवडली. पण तुमच्या पानावर टोपी नसताना ती बरोबर तिथं कुणाला सुचली? मी आईंकडे बोट दाखवलं. त्या खुर्चीत बसून वडा खात होत्या.

मी मोबाइल त्यांच्यासमोर धरला, सगळं समजावून सांगितलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं.

"म्हणजे होतीच की," त्या म्हणाल्या. "मध्येच कुणीतरी काढून घेतली होती."

मी नुपूरला पाटी आणायला लावली आणि मंडळाच्या नावाखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: पुष्पावती आणि पूर्णिमा. कुशल पद्धतीबद्दल काही बोलले नाहीत.

आज सकाळी हॉल रिकामा करून दिला. रांगोळी भरायला काही मोठं हवं होतं, तर कुशलनी स्वतःच फ्लेक्स अंथरला. ट्यूलिपवर सगळा बर्फ झाडून गोळा केला. राखाडी पूड नुसती, कुठं कुठं लाल.

रविवार, ३० ऑक्टोबर

आईंचं विमान उद्या. देवव्रत पहाटेच कामावर, रास लफानच्या बसला गेला. मी नेहमीप्रमाणे दारात रांगोळीची दोन बोटं ओढायला डबा घेऊन गेले, तर उंबऱ्याबाहेर आठ पाकळ्यांचं कमळ होतं. मधोमध हळद, हळदीवर कुंकू. जिना झाडणारा माणूस वळसा घालून पुढं गेला.

आई ओट्याशी चहा गाळत होत्या. भिंतीवर जानेवारी परत आपल्या जागी. "इकडं ये," म्हणाल्या, आणि करंडा उघडून माझ्या कपाळाला कुंकू लावलं. मला रडू आलं. त्या म्हणाल्या, "नाकावर अजून रांगोळी आहे तुझ्या," आणि पदरानं पुसून चहा हातात दिला.